पाव्हणा

लातुरात कूलर दुरुस्त करतो मी.
अडकलेला पंप, पात्याची कुरकुर, कुजलेली खस.
सव्वीस उन्हाळे लोकांच्या घरात ओल पोचवली,
पण ओल मोजली नव्हती कधी.
आता मोजतो.
काचेच्या पेटीत काटा अठ्ठ्याहत्तरवर आहे.
अजून दोन हवेत.

शिवलीलेनं आणला मेळ्यातून, दीडशे रुपयाला,
शंखावर तांबडं गुलाब रंगवलेला,
तारेच्या पिंजऱ्यात, ओल्या स्पंजाच्या तुकड्यासकट.
विकणारा म्हणला, याला काही लागत नाही,
आठवड्याला चमचाभर पाणी पुरतं.
आम्ही लातूरकर.
असल्या हिशेबावर आमचा लगेच विश्वास बसतो.

तिनं नाव ठेवलं पाव्हणा.
मी म्हणलं, मग आधी पाणी विचार.

राहतो जमिनीवर, पण श्वास कल्ल्यांनी घेतो;
कल्ले वाळले की संपलं.
म्हणजे आपल्या एप्रिलात
हा बसल्या जागी बुडणार,
पाणी नसण्यात बुडणार.
माणसं नुसती चिडतात आणि मला फोन करतात.

वाट्या दोन लागतात, एक गोडी, एक खारी.
नळ येतो आठव्या दिवशी, औषधाचा वास घेऊन;
ते पाणी उघड्या घागरीत ठेवायचं, वास उडेपर्यंत.
खाऱ्याला घरातलं मीठ चालत नाही.
पुण्याहून समुद्राचं मीठ मागवलं.
रत्नकला पुडकं हातात तोलत म्हणली,
समुद्र आला हो पार्सलनं.
मी समुद्र पाहिलेला नाही.
बोट बुडवून चाखला.

मग शंखाचा घोर.
रंगाचे पोपडे त्याच्या पोटात जातात, साधा शंख हवा,
अंगापेक्षा थोडा मोठा, आणि एक नाही, तीन-चार,
निवड त्याची त्यानं करायची.
गंजगोलाईत पूजेचा शंख दाखवला, कवड्या दाखवल्या.
तोंड गोल पाहिजे, म्हणलं,
तर दुकानदार माझ्याच तोंडाकडे बघत राहिला.

शेवटी औशाचे मन्मथप्पा कूलर घेऊन आले
आणि सोबत पिशवीभर गोगलगायींची कवचं.
दोन पानांवर आलेलं सोयाबीन रातोरात कातरणाऱ्या,
पोत्यांनी वेचलेल्या, त्यांचीच ही घरं,
तपकिरी पट्ट्यांची, हलकी.
औषधानं मेल्या नाहीत ना, तीनदा विचारलं.
मिठानं, ते म्हणले.
तीनदा उकळली. लिंबाएवढी चार निवडून पेटीत ठेवली.
त्यानं ढुंकून पाहिलं नाही.

ज्येष्ठात तो वाळूखाली गेला.
मूठ दाबली तर किल्ला व्हावा, पाणी गळू नये
अशी भिजवलेली, वीतभर खोल वाळू.
आठ दिवस. पंधरा. महिना.
शिवलीला चमचा घेऊन आली.
नको, म्हणलं.
खाली त्यानं कातडं सोडलंय, अंगावर काही नाही त्याच्या,
आत्ता त्याला उजेडसुद्धा टोचेल.
सोडलेलं कातडं तो स्वतःच खातो,
नवं घट्ट होतं तेव्हा वर येतो.
येतोच का?
ते मला माहीत नव्हतं.
रोज झाकण उघडून वास घ्यायचो.
कुजक्या मासळीचा आला, तर समजायचं.
ओल्या मातीचा यायचा.

याला एकटं ठेवू नये, असंही म्हणतात.
कळपातला जीव.
दुसरा आणावा तर त्याच मेळेवाल्याकडून,
म्हणजे कुठल्यातरी किनाऱ्यावरून आणखी एक उचलायचा.
यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.
मोटर जळली तर बदलता येते.

एक्कावन्नाव्या रात्री लाईट गेली.
कूलर थांबले, गल्ली गप्प झाली,
आणि पेटीतून खरवड ऐकू आली,
सैल स्क्रू पत्र्यावर फिरावा तशी.
बॅटरी लावली नाही.

सकाळी कवचं मोजली.
चार होती, तीन उरली.
गुलाबाचा शंख कोपऱ्यात उताणा पडलेला,
तो माझ्या वायसरच्या डब्यात आहे आता.
काटा ब्याऐंशी.
शिवलीला म्हणते, आता कशाला वास घेताय?
सवय, म्हणतो मी, आणि झाकण लावतो.